म्हादईच्या उगमापासून समुद्राच्या वासापर्यंत

(दृश्य: बेळगाव जिल्ह्यातलं कणकुंबी गाव. आषाढाचा पाऊस. चोर्ला घाट चढून येणारे ढग.)

हे ढग अरबी समुद्रावरून आलेत. बेळगाव जिल्ह्याला किनारा नाही, पण आपला पाऊस तिथलाच. जून-जुलैत कारवारकडचे ट्रॉलर बंदरात उभे असतात. खोल समुद्रात मात्र तेव्हा एक पाहुणा आलेला असतो. विल्सन्स स्टॉर्म पेट्रल. चिमणीहून थोडंसंच मोठं, चाळीसेक ग्रॅमचं काळपट पाखरू, थेट अंटार्क्टिकाकडून आलेलं.

(दृश्य: लाटांना पाय लावत फडफडणारं पाखरू.)

चोचीवरची ती नळी बघा. त्याच्या नाकपुड्या तिच्यात आहेत. पक्ष्यांना वास येतच नाही, असं फार काळ मानलं जायचं. 1995 मध्ये संशोधक गॅब्रिएल नेव्हिट यांनी दाखवलं, की अशी पाखरं डायमिथिल सल्फाइड नावाच्या वायूचा माग काढतात. सूक्ष्म प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक वनस्पतींवर, छोटे कोळंबीसारखे जीव तुटून पडले, की हा वायू सुटतो. म्हणजे वास आला, तिथं खाणं आहे. आणि पावसाळी वाऱ्यांनी आपल्या किनाऱ्यालगत खालचं पोषक पाणी वर येतं, प्लवक माजतं. आपल्याला ओसाड दिसणारं पाणी या पाखराला भरलेलं कळतं.

(दृश्य: रात्र. बेटावरची बिळं.)

मला सगळ्यात भिडतो तो हिंदी महासागराच्या दक्षिणेकडच्या केर्गेलेन बेटांवरचा प्रयोग, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला. प्रायन हे याच पाखराचे नातलग. शिकारी पक्ष्यांच्या भीतीनं ते अंधारातच बिळात परततात. त्यांना दोन फाट्यांच्या बोगद्यात सोडलं. एका फाट्याला जोडीदाराचा वास, दुसऱ्याला वस्तीतल्याच परक्या पक्ष्याचा. बहुतेक जण जोडीदाराकडे वळले. दिसणं नाही, हाक नाही, नुसत्या वासावर.

(दृश्य: खानापूर तालुक्यातला ओढा. काठावर अडकलेल्या पिशव्या.)

2016 मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. समुद्रात तीनेक आठवडे ठेवलेल्या प्लास्टिकलाही तोच डायमिथिल सल्फाइड वायू चिकटलेला होता. त्या वासामागं जाणाऱ्या जातींच्या पोटात प्लास्टिक जास्त वेळा सापडतं, हेही त्यात दिसलं.

म्हादई नदी याच खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात उगम पावते. गोव्यात तिची मांडवी होते आणि पणजीजवळ ती समुद्राला मिळते. पूर येतो तो याच महिन्यांत, पाखरू समुद्रावर असताना.