शिंगाचा ठसा

(मडक्याचा खांदा, अगदी जवळून. आवाज फक्त ओल्या मातीत काहीतरी दाबल्याचा.)

आधी हे गोल बघा. बोटाच्या पेराहूनही लहान, आत अधिकच्या चिन्हासारखी फुली. शेजारी दुसरं, मग तिसरं, अशी मडक्याभोवती सगळी रांग. कुणीतरी हरणाच्या शिंगाचं टोक कापलं, त्यात खाचा पाडल्या आणि मडकं ओलं असतानाच ठसे उमटवत गेलं.

वीतभर उंचीचं हे मडकं म्हणजे अँग्लो-सॅक्सन लोकांचं अस्थिपात्र. इंग्लंडमधलं, पाचव्या-सहाव्या शतकातलं. रोमन सत्ता निघून गेली होती आणि समुद्रापलीकडून, आजच्या उत्तर जर्मनीकडून, माणसं येऊन वसत होती. तिकडच्या दफनभूमींत अशीच मडकी मिळतात, नक्षीसकट.

(पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातला माळ. वारा.)

हा स्पाँग हिल. नाव टेकडीचं, उंची बेताचीच. 1972 ते 1981 या काळात इथे उत्खनन झालं आणि अस्थींची मडकी निघत राहिली, दोन हजारांवर. त्यांतली बरीचशी आता नॉर्विचच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात आहेत.

या लोकांकडे कुंभाराचं चाक नव्हतं. मातीच्या वळ्या एकावर एक रचायच्या, बोटांनी सांधायच्या, घोटून गुळगुळीत करायच्या. पोटाला आतून दाब देऊन फुगवटे काढायचे. गळ्याभोवती आडव्या रेघा, खाली कमानी आणि मधल्या जागेत ठसे. मग उघड्यावर जाळ करून भाजायचं. म्हणूनच एकाच मडक्याची एक बाजू काळी, दुसरी तपकिरी.

(ब्रिटिश म्युझियममधलं, नॉर्थ एल्महॅमचं मडकं.)

याच परिसरातल्या या मडक्यावर स्वस्तिकं आहेत. आपली नजर तिथेच अडकणार, साहजिक आहे. पण लगेच नातं जोडायची घाई नको. हे चिन्ह जगात अनेकांनी काढलंय आणि या लोकांच्या मनात त्याचा अर्थ काय होता, हे त्यांनी लिहून ठेवलेलं नाही.

(पांढरट, तडकलेली हाडं. पातळ कुंचला.)

चिता विझली की हाडं वेचायची. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, सावडणं. फरक पुढे आहे. आपण सावडतो ते पाण्यात सोडायला. इथे सावडलेलं मडक्यात जाई आणि मडकं जमिनीत.

सगळी हाडं वेचलेली नसत. उलट माणसाच्या हाडांत घोड्याची, मेंढीची, गाईची हाडं मिसळलेली दिसतात, कारण जनावरंही चितेवर चढत. काचेचे मणी वितळून गोळा झालेले. हत्ती नसलेल्या या मुलखात हस्तिदंताचे जळके तुकडे. आणि कंगवे. कंगवा बहुधा अर्धाच. कधी चिमटे आणि कात्र्या, इतक्या छोट्या की कामाला येऊच नयेत. त्या मुद्दाम मडक्यासाठीच घडवलेल्या.

लहान मुलाचं मडकं सहसा लहान, मोठ्या माणसाचं उंच. बाहेरून बघूनही आत कोण असेल याचा थोडा अंदाज बांधता येतो. नाव मात्र नाही.

(मातीची बसलेली आकृती, संथ फिरता कॅमेरा.)

हे 1979 साली स्पाँग हिललाच सापडलेलं एका मडक्याचं झाकण. खुर्चीवर बसलेलं माणूस, कोपरं गुडघ्यांवर, चेहरा दोन्ही तळव्यांत. बाई की पुरुष, सांगता येत नाही. असं दुसरं झाकण इंग्लंडमध्ये मिळालेलं नाही.

(जुनं छापील पान.)

नॉर्विचचेच डॉक्टर थॉमस ब्राउन. वॉल्सिंगहॅमजवळ चाळीस-पन्नास मडकी निघाली, तेव्हा त्यांनी 1658 मध्ये मरण आणि विस्मृतीवर अख्खा प्रबंध छापला. गद्य अप्रतिम, निदान चुकलं: मडकी त्यांनी रोमन ठरवली. ती याच लोकांची होती. पुढे 1840 मध्ये डॉक्टरसाहेबांचीच शवपेटी चुकून फुटली, कवटी गेली, इस्पितळाच्या संग्रहात मांडली गेली आणि 1922 मध्ये परत पुरली. मडक्यांतली माणसं त्या मानाने निवांत राहिली.

(दोन मडकी शेजारीशेजारी.)

आत कोण, हे कळत नाही. बाहेरचा हात मात्र ओळखू येतो. शिंग हाताने कोरलेलं, त्यामुळे प्रत्येक ठशाची खाच थोडी वेगळी. तीच खाच दुसऱ्या मडक्यावर दिसली, की ठसा तोच. नॉरफोकमधलं इलिंग्टन आणि सफोकमधलं लॅकफर्ड, या दोन्ही ठिकाणच्या मडक्यांवर असे सारखे ठसे मिळाले. ते घडवणाऱ्यांना अभ्यासक आता या दोन गावांच्या नावानेच ओळखतात.

(पुन्हा पहिलं मडकं. ते हळूहळू फिरतं.)

आता ठशांची रांग फिरून जिथे मिळते, तिथे लक्ष ठेवा. जागेचा अंदाज चुकला की शेवटचे दोन गोल एकमेकांवर चढतात.