सोर्स खरंच आत आला का?

[सर्व्हे मीटर हातात धरून, थेट समोर बघत]

नमस्कार. माझ्या हातात हा सर्व्हे मीटर आहे, म्हणजे आसपासचं रेडिएशन मोजणारा डबा. आजचा विषय गॅमा रेडिओग्राफीचा आहे, म्हणजे किरणोत्सारी तुकड्याच्या, आमच्या भाषेत सोर्सच्या, किरणांनी वेल्डिंगच्या जॉइंटचा आतला फोटो घेण्याचा, पण सुरुवात मी फिल्मपासून करणार नाही, कॅमेऱ्यापासूनही नाही. सुरुवात या डब्यापासून. या कामात जे मोठे अपघात होतात, त्यातले कितीतरी शॉट, म्हणजे एक फोटो घेणं, चालू असताना नाही, शॉट संपल्यावर होतात. सोर्स लांबून आत-बाहेर करणारा हँडल, म्हणजे क्रँक, उलटी फिरवली, हाताला अडकल्यासारखं लागलं, सोर्स आत आला असं वाटलं आणि माणूस फिल्म काढायला निघाला. क्रँकपासून जॉइंटपर्यंतची ही जी दहा-पंधरा मीटरची चाल आहे ना, तिच्याबद्दल आज बोलायचंय.

ज्यांचा या कामाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बॉयलर असो, प्रेशर व्हेसल असो की गॅसची पाइपलाइन, वेल्डिंगचा जॉइंट वरून कितीही सुबक दिसला तरी आत हवेची पोकळी राहिलेली असू शकते, स्लॅग, म्हणजे वेल्डिंगची मळी, अडकलेला असू शकतो, मुळाशी धातू वितळून पोचलाच नाही असंही होतं. ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून एका बाजूला किरणांचा स्रोत ठेवायचा, दुसऱ्या बाजूला फिल्म. जिथे धातू कमी, तिथून किरण जास्त पार होतात आणि फिल्म तिथे काळी पडते. हाडाच्या एक्स-रेचंच तत्त्व, फक्त इथे हाडाऐवजी पोलाद.

कारखान्यात बंदिस्त खोली असेल तर एक्स-रे मशीन वापरता येतं. पण साइटवर वीज नसते, पाइपखाली मशीन शिरत नाही, खंदकात उभं राहायला जागा नसते. तिथे इरिडियम-१९२ हा किरणोत्सारी धातू लागतो. ट्रॉम्बेच्या ध्रुव रिअॅक्टरमध्ये इरिडियम किरणोत्सारी केलं जातं आणि नवी मुंबईत वाशीला असलेल्या ब्रिट या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेकडून त्याचे सोर्स देशभर जातात. आता एक्स-रे मशीन आणि इरिडियममधला खरा फरक ऐका. एक्स-रे मशीनचं बटण बंद केलं की किरण बंद. इरिडियमला बटण नाही. ते दिवसरात्र किरण सोडत असतं, तुम्ही जेवायला गेलात तरी, साइट बंद असली तरी. आपल्या हातात एकच गोष्ट आहे, ते कवचाच्या आत आहे की बाहेर.

हे कवच म्हणजे आपला कॅमेरा. वीस-पंचवीस किलोचा असतो. आत किरण अडवणाऱ्या जड धातूचा, डिप्लीटेड युरेनियमचा गोळा, आणि त्यातून इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली एक नळी. नळी वळलेली का? किरण सरळ रेषेत जातात. वळणाआड सोर्स बसला की त्यांना बाहेर यायला सरळ वाट उरत नाही. सोर्स म्हणजे काही मिलिमीटरच्या चकत्या, एका छोट्या स्टीलच्या कॅप्सूलमध्ये बंद केलेल्या, आणि ती कॅप्सूल एका लवचीक वायरच्या टोकाला. तिला सगळे पिगटेल म्हणतात. मागून ड्राइव्ह केबल तिला जोडायची, पुढे गाइड ट्यूब लावायची, लांब उभं राहून क्रँक फिरवायची. सोर्स ट्यूबमधून सरकत जॉइंटपाशी कॉलिमेटरमध्ये, म्हणजे किरण फक्त जॉइंटच्या दिशेने सोडणाऱ्या जड टोपीत, जाऊन बसतो. वेळ झाली की क्रँक उलटी.

[फळ्याकडे वळून, आकडे लिहीत]

आता हे आकडे नीट बघा. २० क्युरीचा सोर्स धरू. क्युरी म्हणजे सोर्स किती ताकदीचा ते, आणि सिव्हर्ट म्हणजे शरीराला किती डोस बसला ते. साइटवर नेहमीचा आहे. उघड्यावर, मध्ये काहीच आड नसताना, १ मीटरवर तासाला साधारण १०० मिलिसिव्हर्ट. १० मीटरवर १ मिलिसिव्हर्ट. १०० मीटरवर १० मायक्रोसिव्हर्ट. अंतर दहापट केलं की डोस शंभरपट घटला. वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा नियम आपण शाळेत शिकलो होतो, तोच.

एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा काय? रेडिएशनमध्ये काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य माणसाला वर्षाला १. म्हणजे १ मीटरवर तुम्ही १२ मिनिटं उभे राहिलात तर वर्षाचे २० संपले. आणि फिल्म काढताना हात कुठे असतो? जॉइंटला चिकटून. समजा सोर्स बाहेरच राहिलाय आणि तुम्ही १० सेंटिमीटरवर गेलात. सात-आठ सेकंदांत तेच २० मिलिसिव्हर्ट. एक टेप सोडवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

आणि हातात धरला तर? १ सेंटिमीटरवर २० क्युरीचा सोर्स मिनिटाला साधारण १६ ग्रे देतो. ग्रे हेही डोसचंच माप, गॅमा किरणांसाठी १ ग्रे म्हणजे साधारण १ सिव्हर्ट. त्वचा लाल पडायला ३ ग्रेच्या आसपास पुरतात. त्यातून यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की त्या क्षणी काहीच जाणवत नाही. चटका नाही, वास नाही, आवाज नाही. आगीपासून हात आपोआप मागे येतो. इथे तो मागे येत नाही.

१९९९ सालची गोष्ट आहे. २० फेब्रुवारी, पेरू देशात यानांगो नावाच्या ठिकाणी जलविद्युत केंद्राचं काम. रेडिओग्राफीचा इरिडियम सोर्स, ३७ क्युरीचा, कॅमेऱ्यातून सुटून जागेवर पडलेला होता. तिथल्या एका वेल्डरला तो सापडला. एक चकचकीत धातूचा तुकडा. त्याने उचलला आणि पँटच्या मागच्या उजव्या खिशात टाकला. कुणीही टाकेल. साइटवर सापडलेला नट-बोल्ट आपण नाही का खिशात टाकत? काही तास तो खिशातच राहिला. वेल्डर घरी गेला, सोर्सही त्याच्याबरोबर घरी गेला. घरात बायको होती, मुलं होती. रात्री सोर्स जागेवर नाही हे लक्षात आलं, तेव्हा लोक शोधत त्याच्या घरापर्यंत पोचले. पुढे त्या माणसाचा उजवा पाय कापावा लागला. बायको-मुलांनाही डोस बसला.

मी ही गोष्ट प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. भीती घालायला नाही. त्या वेल्डरचा रेडिओग्राफीशी काहीही संबंध नव्हता हे कळावं म्हणून. त्याला बॅज नव्हता, ट्रेनिंग नव्हतं, तो तुकडा काय आहे हे सांगणारं कुणी नव्हतं. मीटर घेऊन कुणी वेळेत तिथे फिरलं असतं, तर तो तुकडा त्याच्या हाती पडलाच नसता.

तर आता ती चाल. मला ती एका वयस्क रेडिओग्राफरने शिकवली. त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. मी मीटर गळ्यात लटकवून चाललो होतो, तर त्यांनी हाक मारून मागे बोलावलं. म्हणाले, "बाळा, मीटर गळ्यात असतो तो दागिना. हातात घे, बघत चाल."

शॉट घ्यायच्या आधीच, सोर्स आत असताना, कॅमेऱ्याला मीटर लावायचा आणि आकडा लक्षात ठेवायचा. कवचातूनही थोडं रेडिएशन बाहेर येतंच, त्यामुळे कॅमेऱ्याजवळ काहीतरी आकडा दिसायलाच हवा. हे मी मुद्दाम सांगतोय. कॅमेऱ्याजवळ मीटरने शून्य दाखवलं तर खूश होऊ नका. बॅटरी गेलेली असेल, मीटर बिघडलेला असेल. त्याहून वाईट म्हणजे, काही जीएम, म्हणजे गायगर-म्युलर नळीचे मीटर फार जास्त रेडिएशनमध्ये गेले की भरून जातात आणि काटा खाली पडतो. सोर्स समोर उघडा, आणि मीटर शून्य. म्हणून लांबूनच मीटर चालू करून, आकडा चढतो की उतरतो हे बघत जवळ जायचं. जवळ जाऊन मग चालू करायचा नाही.

क्रँक करतानाही मीटर शेजारी ठेवा. सोर्स कवचातून बाहेर पडला की आकडा उसळतो. कॉलिमेटरमध्ये बसला की खाली येतो. परत आणताना पुन्हा उसळतो आणि शेवटी पडतो. हा चढउतार एकदा ओळखीचा झाला की काही बिनसलं तर लगेच कळतं. क्रँक पूर्ण फिरली पण आकडा पडला नाही? थांबा. एक पाऊलही पुढे नाही.

आकडा पडला, तर मीटर पुढे धरून कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूने या. कॅमेऱ्याजवळ सुरुवातीचा तोच आकडा आला का? मग मीटर गाइड ट्यूबवरून हळूहळू कॉलिमेटरपर्यंत न्या. सगळीकडे ठीक असेल तेव्हा कॅमेरा लॉक करा, किल्ली काढून खिशात ठेवा, आणि मगच फिल्मला हात लावा. रात्रीत चाळीस शॉट असतील तर चाळीस वेळा. एकोणचाळीस वेळा काहीच निघणार नाही, आणि कंटाळा नेमका तिथेच येतो.

सोर्स का अडकतो, तर पिगटेल आणि ड्राइव्ह केबलची जोडणी नीट न बसल्यामुळे, ती झिजल्यामुळे, गाइड ट्यूबवर पाइप पडून ती चेपल्यामुळे, किंवा ट्यूबला फार घट्ट वळण दिल्यामुळे. झीज तपासायला गो-नो-गो गेज मिळतो, म्हणजे जोडणीचं माप ठीक आहे की नाही हे सांगणारं साधन. तो वापरा, रोज.

अडकलाच तर? मागे या. कॉर्डन, म्हणजे दोरी बांधून बंद केलेली जागा, वाढवा, तिथे माणूस उभा करा, कुणालाही आत सोडू नका आणि आरएसओंना, म्हणजे रेडिएशन सुरक्षा अधिकाऱ्यांना फोन लावा. सोर्स मोकळा जमिनीवर पडलेला दिसत असला तरी हात लावायचा नाही. तो परत कवचात घालणं हे शिकलेल्या माणसांचं काम आहे. त्यांच्याकडे लांब चिमटे असतात, शिशाची भांडी असतात, आणि मुख्य म्हणजे कोण किती सेकंद जवळ जाईल हे त्यांनी आधी कागदावर मांडलेलं असतं. क्लायंट ओरडेल, वेल्डिंगची टीम खोळंबेल, सकाळची शिफ्ट दारात उभी राहील. राहू दे.

कॉर्डनबद्दल एकच. मघाचा हिशोब आठवा, उघड्या सोर्सला १०० मीटरवर १० मायक्रोसिव्हर्ट. कॉलिमेटर लावला की हे अंतर बरंच कमी होतं, म्हणून कॉलिमेटर लावायचा कंटाळा करू नका. आणि दोरी बांधली म्हणजे झालं असं नाही. दोरीपाशी मीटर लावून आकडा बघा. पाइपलाइन गावाशेजारून जात असेल तर रात्रीसुद्धा माणसं त्या वाटेने येतात, शेतात पाण्याची पाळी रात्रीची असते. त्यांच्याशी संध्याकाळीच बोलून ठेवा. बोर्ड मराठीत असू दे, मोठ्या अक्षरात.

टीएलडी बॅज, म्हणजे डोसची नोंद ठेवणारा बिल्ला, त्याबद्दल खूप जणांचा गैरसमज आहे. बॅज तुम्हाला वाचवत नाही. तो लॅबमध्ये जातो, वाचला जातो आणि मग कळतं की गेल्या तीन महिन्यांत किती डोस घेतला. तो नोंदीसाठी लागतोच, छातीवर लावायचाच. पण त्या क्षणी आवाज करणारं काहीतरी हवं असेल तर अलार्मवाला पॉकेट डोसिमीटर लागतो. दोन्ही लावा. हातात मीटर तरीही हवाच.

आणखी एक गोष्ट, जुन्या सोर्सची. इरिडियमचं अर्धआयुष्य ७४ दिवसांच्या आसपास. अडीच महिन्यांत २० चे १० होतात, एक्सपोजरची वेळ दुप्पट होते, आणि मग साइटवर बोलणं सुरू होतं की हा सोर्स मेलाय. मेलेला नसतो. ३७ क्युरीचा सोर्स वर्षभर पडून राहिला तरी १ क्युरीच्या वर शिल्लक असतो, आणि तेवढासुद्धा १ सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण १ ग्रे देतो. खिशात तासभर ठेवायचा विचार करून बघा. जुना सोर्स कोपऱ्यात किंवा भंगारात ठेवायची वस्तू नाही. तो नोंद करून पुरवठादाराकडे परत जायला हवा.

शेवटचं, हे वेल्डरभावांसाठी, फिटर, हेल्पर आणि रात्रीच्या वॉचमनसाठी. रेडिओग्राफी झालेल्या जागी बारीक लवचीक वायर किंवा टोकाला चकचकीत तुकडा असलेलं काही पडलेलं दिसलं, तर उचलू नका. पायाने सरकवूही नका. आल्या वाटेने मागे फिरा, बाकीच्यांना थांबवा आणि रेडिओग्राफरला बोलवा. तो चिडला तरी चालेल.

[मीटर चालू करत, स्क्रीन समोर धरून]

हा बघा, इथे माझ्या खोलीत मीटर तासाला ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास खेळतोय. हे नैसर्गिक रेडिएशन आहे, ते सगळीकडेच असतं. आणि हा मागचा स्टिकर, कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मीटर बरोबर मोजतो का हे तपासल्याच्या तारखेचा. आज रात्री तुमची शिफ्ट असेल तर निघण्याआधी तुमच्या मीटरवरची तारीख वाचा, बॅटरी तपासा, आणि तारीख उलटून गेली असेल तर आरएसओंना आत्ताच कळवा.