टिप्परचा जॅक आणि गार वुड

पत्रिकेत माझा विषय छापलाय तो असा: 'टिप्परचा हौदा उचलणारा जॅक कुणी काढला?' हे वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे एक तर तुम्ही खडी-वाळूच्या धंद्यातले आहात, नाही तर वक्त्याचे नातेवाईक. पहिल्या दोन रांगांत मला दुसऱ्या प्रकारचीच मंडळी जास्त दिसतायत.

उत्तर आधीच सांगून टाकतो. गारफिल्ड आर्थर वुड. जन्म ४ डिसेंबर १८८०, अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या मेपलटन गावी. त्याच्या महिनाभर आधी तिथे निवडणूक झाली होती. जेम्स गारफिल्ड अध्यक्ष आणि चेस्टर आर्थर उपाध्यक्ष निवडून आले होते. बापाने पोराला दोघांचीही नावं देऊन टाकली. आपल्याकडे सोसायटीच्या निवडणुकीत पॅनल टू पॅनल शिक्के मारतात, तसं. पुढे सगळे त्याला नुसतं गार वुड म्हणायला लागले.

आता माझी तक्रार. या माणसाबद्दल काहीही वाचायला घ्या, सुरुवातीला मोटारबोट, शेवटी मोटारबोट. जॅक मध्येच कुठेतरी अर्ध्या वाक्यात उरकलेला: 'हायड्रॉलिक होइस्टमधून भरपूर पैसा मिळाल्यावर त्याने बोटी घेतल्या.' होइस्ट म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा आपला हाच जॅक. अहो, भरपूर पैसा मिळाल्यावर काय! तो काय झाडाला लागला होता? ते अर्धं वाक्य आज उलगडून सांगायचं म्हणून मी इथे उभा आहे. बोटींचं आधी थोडक्यात आटोपतो.

वडील मिनेसोटात ओसाकिस सरोवरावर वाफेची फेरीबोट चालवायचे. भट्टीत लाकडं. एकदा दुसऱ्या बोटीशी ईर्ष्या लागली आणि मध्यावरच सरपण संपलं, तर वडिलांनी बोटीतल्या खुर्च्या-टेबलं फोडून भट्टीत घातली, अशी गोष्ट सांगतात. ज्या पोराने लहानपणी हे पाहिलं, त्याने मोठेपणी काय केलं याचं आश्चर्य वाटायला नको. १९१६ साली डेट्रॉइटमध्ये त्याने 'मिस डेट्रॉइट' ही शर्यतीची बोट विकत घेतली. मग ती बांधणाऱ्या क्रिस स्मिथला गाठायला तो अल्गोनॅकला गेला आणि त्याचं वर्कशॉपच घेतलं. पुढे 'क्रिस-क्राफ्ट' बोटी निघाल्या, तोच हा स्मिथ. १९१७ ते १९२१ गोल्ड कपची, म्हणजे अमेरिकेतल्या मोटारबोटींची मोठी शर्यत सलग गारच्याच बोटींनी मारली. शेवटी आयोजकांनी इंजिनाच्या आकारावर मर्यादा घातली. पाण्यावर हरवता येईना, तर नियमावलीत हरवला.

१९२० मध्ये गार इंग्लंडला गेला, आइल ऑफ वाइटला. 'मिस अमेरिका' नावाच्या लाकडी बोटीत त्याने विमानाची दोन लिबर्टी इंजिनं बसवली होती. एकेक बारा सिलिंडरचं. हार्म्सवर्थ ट्रॉफी, म्हणजे देशादेशांतल्या मोटारबोटींच्या शर्यतीचा चषक, जिंकून तो घरी घेऊन आला. पुढच्याच वर्षी मायामी ते न्यूयॉर्क अशी आगगाडीशी शर्यत लावली. साधारण दोन हजार किलोमीटर, समुद्रातून, सत्तेचाळीस तासांच्या आसपास. गाडी काही मिनिटांनी मागे राहिली. मध्य रेल्वेशी शर्यत लावली असती तर याला वाटेत झोपही काढता आली असती. असो, रेल्वेतले दोघं-तिघं बसलेत, माफ करा.

पण याच ट्रॉफीची १९३१ ची शर्यत सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. डेट्रॉइट नदी, सप्टेंबर महिना, दोन्ही काठांवर लाखोंनी माणसं. समोर इंग्लंडचा के डॉन, 'मिस इंग्लंड २' घेऊन. या बोटीचा इतिहास माहीत आहे ना? आदल्या वर्षी १३ जूनला विंडरमिअर सरोवरावर याच बोटीत हेन्री सीग्रेव्ह वेगाचा विक्रम करून त्याच दिवशी अपघातात गेला. बुडालेली बोट वर काढली, दुरुस्त केली आणि डॉन तीच घेऊन आला. आत रोल्स-रॉइसची दोन इंजिनं.

पहिली फेरी डॉनने जिंकली. गारच्या घरासमोर, गारच्या नदीत. दुसऱ्या फेरीआधी गारच्या बोटीची दुरुस्ती निघाली. त्याने थोडा वेळ मागितला, डॉनने नाही म्हटलं. आता इथे सुरुवातीचा नियम समजून घ्या. बोटी थांबलेल्या नसतात. लांबून वेग घेत येतात, घड्याळ चालू असतं, आणि तोफ होईल त्याच क्षणी रेषा ओलांडायची. जरा आधी ओलांडली तर चालतं, पण पाच सेकंदांपेक्षा आधी गेलात की बाद. बोटींच्या शर्यतीतलं निम्मं कौशल्य या घड्याळात आहे.

गार 'मिस अमेरिका ९' मध्ये, शेजारी त्याचा नेहमीचा मेकॅनिक ऑर्लिन जॉन्सन, आणि सोबतीला दोन टेडी बेअर. हसू नका, हा माणूस खेळण्यातली दोन अस्वलं घेतल्याशिवाय शर्यतीला उतरत नसे. तर गार तोफेच्या बराच आधी रेषेपार. डॉन त्याच्या पाठोपाठ. दोघंही बाद! आणि त्यांना ते माहीतच नाही. दोघं जीव तोडून पळवतायत. एका वळणावर डॉनची बोट उलटली. माणसं वाचली. आणि मागून गारचा भाऊ जॉर्ज 'मिस अमेरिका ८' घेऊन घड्याळ बघून, शिस्तीत निघालेला. कारण नियमाप्रमाणे एका देशाला एकापेक्षा जास्त बोटी उतरवता येत. जॉर्जने फेरी पुरी केली. ट्रॉफी अमेरिकेतच राहिली.

इंग्लंडमध्ये एकच गहजब. फसवलं, मुद्दाम लवकर निघून डॉनला ओढून नेलं! यावर आजही भांडणारे लोक आहेत, आणि माझं मत विचाराल तर गार वुड काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. पण डॉनच्या बोटीतही घड्याळ होतंच ना? पुढच्याची पाठ बघून गाडी चालवणाऱ्याचं काय होतं ते आपल्या घाटात रोज बघतो आपण. शिवाय गारने पुढच्याच वर्षी...

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' अध्यक्षसाहेब, दहा म्हणजे दहाच ना? बरं. पुढच्या वर्षी, २० सप्टेंबर १९३२, सेंट क्लेअर नदी, 'मिस अमेरिका १०', चार पॅकार्ड इंजिनं, ६,४०० अश्वशक्ती, पाण्यावरच्या वेगाचा विक्रम: ताशी १२४.८६ मैल, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या वर. १९३३ नंतर त्याने शर्यती सोडल्या. बोटी संपल्या. जॅक.

माझ्या लहानपणी रस्त्याच्या कामाला खडी यायची. फाळका पाडायचा, दोन हमाल हौद्यात चढायचे आणि फावड्याने ओढत बसायचे. ट्रक उभा, ड्रायव्हर झाडाखाली झोपलेला. गारने जे पाहिलं ते याच्या एक पायरी पुढचं होतं. कोळशाच्या ट्रकचा हौदा हाताने हँडल फिरवून वर करत होते. १९११ च्या सुमाराची गोष्ट. त्याच्या डोक्यात आलं ते इतकंच, की गाडीत इंजिन आहे, ते उभ्या गाडीत रिकामं फिरतंय. त्याच्याकडून तेलाचा पंप चालवा, तेल सिलिंडरमध्ये दाबा, पिस्टन हौदा उचलेल.

हिशेब बघा. पिस्टनचा व्यास पंधरा सेंटिमीटर धरा, क्षेत्रफळ झालं साधारण १७७ चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब चौरस सेंटिमीटरला सत्तर किलो धरला तर बारा टनांच्या वर जोर मिळतो. आणि ही करामत करणारा पंप मांडीवर मावेल एवढा.

हौद्याखालच्या जॅकचा आवाज कधी नीट ऐकलाय? पहिल्या वीतभर उचलीला तो सगळ्यात जास्त ओरडतो. कारण तेव्हा पिस्टन जवळजवळ आडवा असतो, त्याचा जोर बराचसा पुढे ढकलण्यात जातो, आणि हौद्याचं सगळं वजन अंगावर. हौदा जसा वर जाईल तसा कोन सुधारतो, वजन मागच्या बिजागरीवर सरकतं, आणि माल घसरायला लागला की काम संपलंच. खाली येताना इंजिनाची गरजच नाही, व्हॉल्व्ह सोडला की हौदा स्वतःच्या वजनाने तेल परत टाकीत ढकलतो.

वुडने भावांना हाताशी घेऊन डेट्रॉइटमध्ये कारखाना काढला, आणि ट्रक वाढले तसा होइस्टचा धंदा वाढला. लिबर्टी, पॅकार्ड, ती ६,४०० अश्वशक्ती, सगळं या कोळशाच्या ट्रकांच्या जिवावर. हे मला सविस्तर सांगायचं होतं, राहिलं.

एक शेवटचं. १९३८ मध्ये त्याच्याच कंपनीने कचरा आत दाबून भरणारी गाडी आणली, 'लोड-पॅकर'. सकाळी तुमच्या दारात शिट्टी वाजवत कॉम्पॅक्टर येतो, तो त्याच वंशातला. गार वुड १९७१ च्या जूनमध्ये मायामीला वारला, नव्वद वर्षांचा होऊन.

बाहेर गटाराचं काम चालू आहे, तिथे एक टिप्पर उभा आहे. ड्रायव्हरशी मी येतानाच बोलून ठेवलंय. ज्यांना जॅक बघायचाय त्यांनी चहा घेऊन तिकडे या. हौदा वर असताना खाली कुणी वाकू नका, आणि प्रश्न तिथेच विचारा.