डांबरगोळीवर जगणारे जिवाणू

उलट्या ठेवलेल्या काचेच्या बशीच्या झाकणात नॅफ्थलीनचे चार पांढरे स्फटिक आहेत. कपाटात ठेवायच्या जुन्या डांबरगोळ्या याच पदार्थाच्या, बाजारातल्या सगळ्याच नव्हेत. वरच्या, जिवाणू वाढवायच्या माध्यमात कार्बनचा दुसरा कोणताही स्रोत नसताना तिथे वसाहती उगवल्या आहेत, कारण ‘स्यूडोमोनास प्युटिडा’ या जिवाणूचा ‘जी७’ हा वाण झाकणातून चढणाऱ्या वाफेवरच जगतो आहे.

नॅफ्थलीनमध्ये एकूण १० कार्बन अणूंची दोन कडी एकमेकांना जोडलेली असतात, आणि अशा ॲरोमॅटिक (बेंझीनसारख्या स्थिर कड्याच्या) संयुगांचे कडे सहजासहजी फुटत नाही. ते फोडण्याची जनुके या वाणाच्या मुख्य गुणसूत्रावर नसून ‘एनएएच७’ नावाच्या प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या वेगळ्या वर्तुळावर, दोन गटांत मांडलेली आहेत.

त्या जनुकांपासून बनणारे पहिले विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन), संगणकचित्रात अळंबीसारखे दिसणारे, म्हणजे नॅफ्थलीन डायऑक्सिजनेज. त्याची रचना १९९८ मध्ये उलगडली. आतल्या लोहाच्या अणूपाशी हवेतल्या ऑक्सिजनचे दोन्ही अणू कड्याला जोडले जातात, आणि त्यानंतरची विकरे एक कडे उघडून, त्याचा तुकडा वेगळा काढून सॅलिसिलेट तयार करतात. नवल असे की जनुकांच्या दोन्ही गटांना जाग आणणारा संकेत नॅफ्थलीन नव्हे, तर वाटेत तयार होणारे हे सॅलिसिलेटच असते. जिवाणू आधी थोडे काम करून पाहतो, त्यातून सॅलिसिलेट हाती लागले की ‘नाहआर’ हे प्रथिन ते ओळखते आणि मगच सारी यंत्रणा जोमाने चालू होते.

या निळ्या वसाहती मात्र ‘ई. कोलाय’ या दुसऱ्या जिवाणूच्या आहेत. १९८३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी डायऑक्सिजनेजची जनुके त्यात घातली, तेव्हा पेशीतल्या ट्रिप्टोफॅनपासून झालेल्या इंडोलवर या विकराने ऑक्सिजन चढवला आणि हवा लागून त्याची नीळ झाली, तीच जी कापड रंगवायला वापरतात.

मुंबईच्या आयआयटीत अभ्यासलेला ‘सीएसव्ही८६’ हा स्यूडोमोनासचाच वाण तर ग्लुकोज समोर असतानाही आधी ॲरोमॅटिक संयुगे संपवतो. दूषित जमिनीत ऑक्सिजन अपुरा असतो आणि नॅफ्थलीन मातीच्या कणांना धरून बसते, म्हणून तिथे हे काम रेंगाळते.

पुन्हा ‘जी७’ची बशी. सॅलिसिलेटपासून पेशीत कॅटेकॉल बनते. तेच कॅटेकॉल आता बाहेरून फवारले आहे. दुसरे कडे फुटते आणि पांढुरक्या वसाहती पिवळ्या होतात.