शाळा बदलण्याआधी थोडं थांबूया

नमस्कार मंडळी,

आपल्या रविवारच्या मराठी शाळेत चौथीतल्या एका मुलीनं तिच्या रोजच्या सरकारी शाळेबद्दल बाईंना विचारलं, "माझ्या वर्गातले चौघं दुसऱ्या शाळेत गेले. आमची शाळा वाईट आहे का?"

नाही गं बाळा. पण तुझ्या शाळेचं आता काय होतं, ते इथे अमेरिकेतल्या मोठ्यांनी ऐकायला हवं.

समजा, बालवर्ग ते पाचवी, प्रत्येक इयत्तेतून चार, म्हणजे चोवीस मुलं गेली. पटसंख्येवर मिळणारा पैसा पुढच्या मोजणीनंतर घटतो. पण प्रत्येक वर्गात वीसेक मुलं उरलेलीच असतात, त्यामुळे एकही वर्गशिक्षक कमी करता येत नाही. बस त्याच रस्त्यानं फिरते, हीटिंगचं बिल तेवढंच येतं. मग कात्री लागते ती ग्रंथपालाला, संगीताला, समुपदेशकाला. ते गेले, की आणखी पालक निघतात.

मिलवॉकी शहरात १९९० साली व्हाउचर, म्हणजे खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी पैसा, आलं ते कमी उत्पन्नाच्या घरांसाठी. ॲरिझोना राज्यानं २०२२ मध्ये मुलाच्या शिक्षणासाठी पालकांना एका खात्यात सरकारी पैसा देणारी योजना सरसकट सगळ्यांना खुली केली, तेव्हा सुरुवातीच्या अर्जदारांतली बहुतेक मुलं सरकारी शाळेत नव्हतीच! सवलत बहुतेक आधीच सरकारी शाळेबाहेर असलेल्यांना मिळाली.

ज्याचं मूल रोज रडत शाळेत जातं, त्यानं जरूर शाळा बदलावी. फक्त सही करण्याआधी करार नीट वाचा. ॲरिझोनात ही रक्कम घेताना पालक डिस्ट्रिक्टला (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला) मुलाला शिकवण्याच्या जबाबदारीतून मोकळं करतात. मुलाचा आयईपी (विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेनं केलेला शिक्षणाचा आराखडा) असेल, तर खासगी शाळेत गेल्यावर त्यातल्या सेवांवरचा कायदेशीर हक्क तसाच राहत नाही. प्रवेश द्यायचा की नाही हे शाळा ठरवते. रकमेपेक्षा फी जास्त असेल, तर फरक कोण भरणार आणि रोज ने-आण कोण करणार, हेही आधी विचारा. चार्टर शाळा (सरकारी पैशांवर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) फी घेत नाहीत, जागा कमी पडल्या तर सोडत काढतात. पण बस असेलच असं नाही.

आणि आपण? शाळेचं रेटिंग दहापैकी ९ नसेल तर आपण घर बघायलाही जात नाही. गणपतीला हॉल भरतो, पण स्कूल बोर्डाच्या बजेटच्या सभेला आपल्यातलं कुणी दिसत नाही. तिथे कुणालाही दोन-तीन मिनिटं बोलू देतात हो! या वसंतात चार जण तरी जाऊया.

मला काळजी आहे ती मागे उरणाऱ्यांची. आई-बाबा दोघंही पाळीत काम करतात, घरात गाडी एकच, फॉर्म भरून द्यायला कुणी नाही. विशेष शिक्षण लागणारी पुष्कळ मुलंही तिथेच राहतात, त्यांच्यावरचा खर्च जास्त आणि पट मात्र घटलेला. हे कसं निभवायचं, ते मला अजून उमगलेलं नाही.