फोन हातात, नकाशा फोनमध्ये

मंडळी, जानेवारी २०१२ ची गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात एक गृहस्थ ट्रॅफिकमध्ये अडकले होते. पुढे रस्त्याचं काम, गाड्या जागच्या हलेनात. दुसऱ्या वाटेने निघता येईल का, म्हणून त्यांनी आयफोन हातात घेऊन नकाशा उघडला. मोटरसायकलवरच्या पोलिसाने ते पाहिलं आणि १६५ डॉलरची पावती फाडली. आपल्याकडे अशा वेळी माणूस आधी कुणाला तरी फोन लावतो. (हशा) हे गृहस्थ अपिलात गेले.

तिथला कायदा २००८ पासूनचा. हातात फोन धरून वापरायला त्यात बंदी होती. पण ते सगळं कलम बोलणं आणि ऐकणं या दोन गोष्टींभोवती लिहिलेलं. कायदा केला तेव्हा फोनचा उपयोग तेवढाच, असं आमदारांना वाटत असणार. हाच माणूस स्टिअरिंगवर कागदी नकाशा पसरून बसला असता, तर त्या कलमाखाली तो गुन्हेगार नव्हता. फेब्रुवारी २०१४ मध्ये अपील न्यायालयाने त्याला सोडलं. 'पीपल विरुद्ध स्प्रिग्ज' या नावाने हा निकाल ओळखला जातो.

मग कायदा बदलला. १ जानेवारी २०१७ पासून तिथे गाडी चालवताना फोन हातात धरून वापरताच येत नाही. तो काचेवर, डॅशबोर्डवर नाहीतर मधल्या कन्सोलवर बसवायचा, समोरचं दिसण्यात अडथळा येता कामा नये, आणि त्याला बोट लावायचं ते एकदाच. एक टिचकी किंवा एक स्वाइप, बस्स. आता वाद मिटेल असं कुणालाही वाटावं. पण वकील आहेत तोवर वाद मिटत नाहीत. मी स्वतः वकील आहे, म्हणून खात्रीने सांगतो. सॅन होजेमध्ये एक चालक हातातल्या फोनवर नकाशा बघताना पकडला गेला. त्याचा बचाव असा की, मी बोट कुठे लावलंय, मी नुसता बघत होतो! खालच्या अपिलात तो जिंकलासुद्धा. जून २०२५ मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला: फोन हातात धरून नकाशा बघणं हाही त्याचा वापरच. कायदा आहे चालकाचं लक्ष रस्त्यावरून हलू नये म्हणून, आणि लक्ष हलवायला डोळे पुरतात.

ब्रिटनमध्येही थोड्याफार फरकाने हेच घडलं. मार्च २०२२ पासून तिथे हातातल्या फोनचा जवळजवळ कुठलाही वापर बंद आहे, सिग्नलला उभे असतानासुद्धा. दंड २०० पौंड आणि लायसन्सवर सहा दंडगुण. नकाशा बघा, पण फोन स्टँडवर लावून.

आता घरी येऊ. मोटार वाहन कायद्यातलं कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याचं. २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरलेल्या फोनचा वापर त्यात नाव घेऊन घातला. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. कलम चांगलं कडक आहे. पण १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय नियमांत एक सवलत आली: असं उपकरण फक्त मार्ग शोधण्यासाठी वापरता येईल, तेही चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने.

कॅलिफोर्नियाने जे दार दोनदा बंद केलं, ते आपण नियम करून उघडलं. होल्डरचा उल्लेख नाही, टिचकीचा नाही. अट एकच, एकाग्रतेची. ती मोजायची कशी आणि कुणी?

चौकातल्या ट्रॅफिक मामांच्या जागी उभे राहून बघा. ते मशीनवर तुमचा फोटो काढतात. फोटोत काय येतं? स्कूटर, नंबरप्लेट, डाव्या हातातला फोन आणि खाली गेलेली मान. पडद्यावर नकाशा होता की व्हॉट्सअॅप, ते येत नाही. एकाग्रता तर कुठल्याच कॅमेऱ्यात येत नाही. म्हणजे कुणीही म्हणावं, "साहेब, मॅप बघत होतो." खरं बोलणारा आणि थापा मारणारा दोघे एकाच रांगेत, आणि मामांनी सोडायचं कुणाला ते मामांच्या मर्जीवर. जो नियम मर्जीवर चालतो, त्याची किंमत कुठे चुकती होते, हे या सभागृहात मी सांगायला नको. (हशा)

नकाशाची गरज मात्र मी नाकारत नाही. उड्डाणपूल आला की पुलावर चढायचं की खालून जायचं, हा प्रश्न पुण्या-मुंबईत रोजचा आहे, आणि नेमक्या त्या क्षणी माणूस फोन उचलून डोळ्यांजवळ नेतो. २०२४ मध्ये गुगल मॅप्सने भारतात उड्डाणपुलाची आगाऊ सूचना द्यायला सुरुवात केली, ती यासाठीच. पण ताशी ६० च्या वेगात तीन सेकंद मान खाली, म्हणजे ५० मीटर रस्ता न बघता कापलेला. डिलिव्हरीच्या मुलांचं पोट त्या नकाशावर आहे. पावसात हँडलवरच्या फोनला प्लॅस्टिकची पिशवी बांधून ती फिरतात. ओल्या बोटाने पडदा हलत नाही, मग चालत्या गाडीवर अंगठ्याने घासत बसतात. त्यांना फोन बघू नका सांगणं ढोंग आहे. फोन हँडलवर घट्ट बसवलेला हवा, निघण्याआधी पत्ता घातलेला हवा आणि बाकी आवाजावर, एवढं नियमात लिहिता येतं. होल्डर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो कामावर पाठवणाऱ्याने द्यावा, असंही लिहिता येईल. आणि हातात फोन दिसला तर नकाशा असो की आणखी काही, दंड. मग फोटो पुरतो, वाद उरत नाही.

मघाशी मागच्या रांगेतून चिठ्ठी आली: कडेला थांबून बघितलं तर चालेल ना? शहरात अवश्य. इंडिकेटर द्या, बाजूला घ्या, निवांत बघा, नाहीतर पानवाल्याला विचारा, तो तुम्हाला रेंजशिवाय सांगेल. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर मात्र असं कडेला उभं राहायलाच मनाई आहे. तिथे फूड मॉल येईपर्यंत धीर धरा, किंवा फोन शेजारच्याकडे द्या. शेजारी बायको असेल तर ती सांगेल त्या वळणाला वळा. उगाच चालत्या गाडीत अपील करू नका.