लघुप्रबंध, पण मोडीतून

कापडाची गाठ सुटते. रुमालात पुडकी, पुडक्यांत मोडी लिपीतले जुने कागद. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल आहेत. एम. ए.च्या लघुप्रबंधाला मात्र हाती असतं जेमतेम वर्ष.

म्हणून विषय आधी छाटायचा. ‘पेशवाईतले दुष्काळ’ हे आयुष्यभराचं काम झालं. ‘१७९१-९२च्या दुष्काळात अमुक परगण्यातल्या गावांना महसुलात किती सूट मिळाली?’ हा झाला विषय. कोणते कागद मागवायचे तेही त्यातच आलं: त्या गावांचे ताळेबंद, दुष्काळाच्या वर्षाचे आणि मागच्यापुढच्या दोन-दोन वर्षांचे.

इतिहासकार गो. स. सरदेसायांनी दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. बरेच विद्यार्थी तिथेच मुक्काम ठोकतात. पण त्या निवडीत राजकारण जास्त. गावचा हिशोब बहुतेक रुमालातच राहिलेला. तेव्हा मोडीला पर्याय नाही, आणि ती विषय नोंदवायच्या आधीच शिकायला घ्यायची.

मोडीची एक ओळ बघा. आधी कागदभर आडवी रेघ, मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं. शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही. ‘मौ।’ म्हणजे मौजे, हे लवकर डोळ्यांत बसतं. आकडे जास्त फसवतात. ५॥ म्हणजे साडेपाच रुपये. त्या उभ्या रेघा एक-एक समजून वाचल्या की झाले पाचशे अकरा! धान्याचंही तसंच. खंडी वीस मणांची, पण मण कुठे १२ पायल्यांचा, कुठे १६. आपल्या परगण्याचं माप ठरल्याशिवाय बेरीज करू नये.

आता तारीख. ‘इसन्ने तिसैन मया व अलफ’: दोन, नव्वद, शंभर, हजार. शुहूर सन, म्हणजे त्या कागदांत अरबी शब्दांत लिहिलेलं साल, ११९२. त्यात ५९९ मिळवले की १७९१. पण हे साल मृग नक्षत्राला, पावसाळ्याच्या तोंडाशी बदलतं, त्यामुळे जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे. सरसकट ५९९ धरणाऱ्याच्या प्रबंधात चैत्रातली सूट वर्षभर मागे सरकते आणि दुष्काळ पडायच्या आधीच रयतेला मिळून जाते.

टिपण पेन्सिलीने. एका कागदाला एक कार्ड. वर विभाग, रुमाल क्रमांक, पुडकं क्रमांक, मग लिप्यंतर, आणि स्वतःचा अर्थ वेगळ्या रकान्यात. अडलेल्या अक्षराच्या जागी टिंबं द्यायची, अंदाज घुसडायचा नाही. पुडक्यातला क्रम मोडू नये, कसर लागलेली घडी ओढून उघडू नये. क्रमांक टिपायचा राहिला तर तोच कागद पुन्हा सापडेल याचा भरवसा नाही, आणि तळटीप नसलेला आकडा प्रबंधात घालता येत नाही.

पुढे प्रकरणं, मार्गदर्शकांच्या दुरुस्त्या, बांधणी, तोंडी परीक्षा. ते सगळं शेवटच्या दोन-तीन महिन्यांत उरकतं.